दुकान भाड्याचे चालेल, वही आपली हवी

२०२४ सालच्या जून महिन्यातील गोष्ट. सांगलीतील एक स्नेही व्यापारी आपल्या चिरंजीवांना घेऊन सकाळीच माझ्याकडे आले. पाइप, फिटिंग्ज आणि पाण्याच्या मोटारी यांचा त्यांचा घाऊक व्यापार. पेढी तिसऱ्या पिढीत आलेली. मी बँकेत असताना त्यांच्या कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाचे कागद अनेकदा माझ्या टेबलावरून गेले होते. कीर्द-खतावणी इतकी चोख की तपासणाऱ्याला समाधान वाटावे. अशा माणसाच्या हातात त्या दिवशी जीएसटी खात्याची नोटीस होती आणि चेहरा उतरलेला होता.

नोटीस २०१९-२० या वर्षाची होती. नोव्हेंबर २०१९ ते मार्च २०२० या काळात काही खरेदीवर घेतलेल्या इनपुट टॅक्स क्रेडिटच्या पुराव्यादाखल मूळ बिले आणि खतावणीचे उतारे मागितले होते. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत होती आणि त्यांतील अकरा दिवस संपले होते. व्यवहार खरे होते, माल आला होता, पैसे बँकेतून दिले होते. अडचण वेगळीच होती. त्या वर्षाची वहीच उघडत नव्हती.

घडले होते ते असे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्यांचे दुकान पाण्याखाली गेले. संगणक बुडाला, बिलांच्या फायली बुडाल्या, कपाटातील जुन्या वह्यांचा लगदा झाला. त्यातून धडा घेऊन चिरंजीवांनी हिशेबाचे सॉफ्टवेअर इंटरनेटवरून भाड्याने घेतले. हिशेब आता दूर कुठेतरी सुरक्षित जागी राहू लागला. बिले स्कॅन करून त्याच सॉफ्टवेअरमध्ये चढवायची आणि कागद रद्दीत द्यायचा, असा शिरस्ता पडला. तीन वर्षांनी भाडे वाढले, तेव्हा त्यांनी दुसऱ्या कंपनीचे स्वस्त सॉफ्टवेअर घेतले. नव्या ठिकाणी फक्त आरंभीच्या शिलका नेल्या आणि जुन्याचे भाडे भरणे थांबवले. भाडे थांबल्यावर ठरावीक मुदतीत सर्व माहिती नष्ट केली जाईल, असे करारात लिहिले होते. ते कोणी वाचले नव्हते. जून २०२४ मध्ये जुन्या कंपनीला फोन केला, तेव्हा नम्र आवाजात उत्तर मिळाले की आपले खाते आता अस्तित्वात नाही.

शेठजी मला म्हणाले, ‘‘साहेब, पुरात वही बुडाली तेव्हा निदान डोळ्यांना दिसत होती. ही कुठे बुडाली ते दिसतसुद्धा नाही.’’

त्यांचे ते वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. आपल्या समाजातील बहुतेक पेढ्यांवर आज तरुण मंडळी हा भाड्याचा मार्ग धरीत आहेत. मार्ग वाईट नाही. परंतु दुकान भाड्याने घेताना आपले वाडवडील भाडेचिठ्ठी जितक्या बारकाईने वाचीत, तितक्या बारकाईने हा नवा भाडेकरार आपण वाचत नाही. म्हणून आजचा लेख या विषयावर.

भाडे कशाचे?

पूर्वी सॉफ्टवेअर दुकानातून विकत आणले जाई. आधी फ्लॉपी, मग सीडी. ती संगणकावर चढवली की काम सुरू. कायद्याच्या भाषेत तेव्हाही आपण सॉफ्टवेअरचे मालक नव्हतो, ते वापरण्याचा परवाना आपण विकत घेत होतो. तरी व्यवहारात फरक मोठा होता. प्रोग्रॅम आपल्या संगणकात असे आणि आपला हिशेबही त्याच संगणकात असे. विक्रेत्याने उद्या दुकान बंद केले, तरी आपला संगणक सुरू करून आपली खतावणी आपण पाहू शकत होतो.

भाड्याच्या पद्धतीत प्रोग्रॅम कंपनीच्या संगणकावर असतो. अशा संगणकाला सर्व्हर आणि त्यांच्या मोठ्या केंद्राला डेटा सेंटर म्हणतात. आपण इंटरनेटवरून तिथे जातो, नाव आणि पासवर्ड देतो आणि काम करतो. मोबदला महिन्याचा किंवा वर्षाचा, आणि बहुधा माणशी. आपण नोंदवलेले प्रत्येक बिल, प्रत्येक ग्राहकाची उधारी, मालाचा साठा हे सारे त्यांच्याच संगणकावर साठते. आपल्या दुकानातील यंत्र ही केवळ एक खिडकी उरते.

ही पद्धत जगभर रुळण्यास गेली पंचवीस वर्षे लागली. १९९९ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे सेल्सफोर्स ही कंपनी निघाली. ग्राहकांच्या नोंदी ठेवण्याचे सॉफ्टवेअर विकायचे नाही, इंटरनेटवरून वापरायला द्यायचे, हाच तिचा धंदा होता. २०११ साली मायक्रोसॉफ्टने ऑफिस ३६५ या नावाने आपले कार्यालयीन सॉफ्टवेअर वर्गणीवर देण्यास आरंभ केला. मे २०१३ मध्ये अडोबी कंपनीने जाहीर केले की फोटोशॉपसह तिच्या क्रिएटिव्ह संचाच्या नव्या आवृत्त्या यापुढे केवळ वर्गणीवरच मिळतील. छपाई आणि जाहिरातीच्या व्यवसायातील आपल्या बांधवांना तो बदल चांगलाच आठवत असेल. पूर्वी एकदा पैसे मोजून दहा वर्षे वापरलेली वस्तू महिन्याच्या खर्चात जाऊन बसली.

आपल्या देशातही दोन्ही वाटा आहेत. १९८६ पासून चालत आलेल्या टॅलीचा परवाना आजही कायमचा विकत घेता येतो. पुढील सुधारणांसाठी दर वर्षी वेगळी रक्कम भरावी लागते, आणि हवा असेल तर ठरावीक मुदतीच्या भाड्यानेही तो मिळतो. झोहो बुक्ससारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर मुळातच इंटरनेटवर राहणारे व वर्गणीवर चालणारे आहे. अनेक लहान सहकारी बँकासुद्धा आपली मूळ बँकिंग यंत्रणा विकत न घेता सेवापुरवठादाराकडून भाड्याने वापरतात. तेव्हा ही नव्या पिढीची लहर आहे असे समजून चालणार नाही.

भाड्याचे लाभ

मी जुन्या वळणाचा माणूस असलो तरी न्यायाने बोलले पाहिजे. या पद्धतीचे लाभ खरे आहेत.

पहिला लाभ भांडवलाचा. नव्याने धंदा मांडणाऱ्या मुलाला एकदम मोठी रक्कम सॉफ्टवेअरमध्ये आणि ते चालवणाऱ्या मोठ्या संगणकात अडकवावी लागत नाही. धंदा चालला नाही, तर दुसऱ्या वर्षी वर्गणी थांबवता येते. व्यापारात खेळते भांडवल हा प्राण आहे, आणि तो वाचत असेल तर चार पैसे जास्त गेलेले परवडतात.

दुसरा लाभ बदलत्या नियमांचा. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, त्यानंतर नियम किती वेळा बदलले ते आठवून पाहा. ई-इन्व्हॉइसची सक्ती १ ऑक्टोबर २०२० रोजी पाचशे कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांपासून सुरू झाली. शंभर, पन्नास, वीस, दहा अशी ती मर्यादा उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून करांचे दरही बदलले. अशा प्रत्येक बदलागणिक सॉफ्टवेअर सुधारावे लागते. भाड्याच्या पद्धतीत ही दुरुस्ती मालकाने करायची असते. सकाळी दुकान उघडावे तर नवा दर बिलात बसलेला असतो.

तिसरा लाभ सुरक्षिततेचा, आणि तो सांगली-कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांना कोणी शिकवायला नको. पूर, आग, चोरी किंवा संगणकाची बिघडलेली हार्ड डिस्क यांपैकी कशानेही दूर ठेवलेल्या हिशेबाला धक्का लागत नाही. दोन गावांत दोन दुकाने असली तर दोन्हींचा साठा एका पडद्यावर दिसतो. करसल्लागार आपल्या कार्यालयातूनच हिशेब तपासू शकतात.

थोडे गणित

आता बँकेतील सवयीप्रमाणे कागदावर आकडे मांडू. हे आकडे कोणत्याही कंपनीचे नाहीत, केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा, एक सॉफ्टवेअर २५,००० रुपयांना विकत मिळते. पहिल्या वर्षाची सेवा त्यात आली, पुढे दर वर्षी सेवेचे ५,००० रुपये. तशाच कामाचे दुसरे सॉफ्टवेअर वर्षाला १२,००० रुपये भाड्याने मिळते. दुसऱ्या वर्षाअखेर विकतचा खर्च ३०,००० आणि भाड्याचा २४,०००. तिसऱ्या वर्षाअखेर ३५,००० आणि ३६,०००. म्हणजे तिसऱ्या वर्षी काटा दुसऱ्या बाजूला झुकतो. आठव्या वर्षी विकतचे ६०,००० होतात आणि भाड्याचे ९६,०००.

भाडे माणशी असेल तर ही तफावत लवकर पडते. दुकानात बिले करणारा एक, गोदामात एक, हिशेब ठेवणारा एक, असे तिघे झाले की भाडे तिप्पट. म्हणून किती जण खरोखर वापरणार, हे आधी मोजावे. शिवाय भाडे वाढवण्याचा अधिकार कंपनीकडे असतो. पहिल्या वर्षी सवलतीचा दर आणि दुसऱ्या वर्षी पूर्ण दर, हा प्रकार सर्रास दिसतो. आकडेमोड नेहमी दुसऱ्या वर्षाच्या दराने करावी.

प्राप्तिकराच्या दृष्टीने भाडे हा त्या वर्षाचा महसुली खर्च म्हणून पूर्ण वजा होतो. विकत घेतलेले सॉफ्टवेअर भांडवली मालमत्तेत जाते; संगणकाप्रमाणेच त्यावर ४० टक्के दराने घसारा मिळतो आणि वर्षात १८० दिवसांहून कमी वापर झाला तर त्याच्या निम्मा. जीएसटी दोन्हींवर १८ टक्के. नियमित करदात्याला त्याचे क्रेडिट मिळते, कंपोझिशन योजनेतील दुकानदाराला ते मिळत नाही; त्याने कर धरूनच किंमत समजावी. परदेशी कंपनीचे सॉफ्टवेअर घेतले आणि तिने बिलात भारतीय जीएसटी लावला नसेल, तर नोंदणीकृत व्यापाऱ्याला तो रिव्हर्स चार्जने स्वतः भरावा लागतो. ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात राहत नाही.

एवढे गणित मांडून मी म्हणेन की दहा-वीस हजारांच्या फरकाने कोणती पेढी बुडत नाही. ज्याला भाडे सोयीचे वाटते त्याने खुशाल भाड्याने घ्यावे. शेठजींचे नुकसान भाड्यामुळे झाले नव्हते. ते कशामुळे झाले, हे नीट समजून घ्यावे लागेल.

दुकान आणि माल

आपल्यापैकी अनेकांच्या पेढ्या पिढ्यान्‌पिढ्या भाड्याच्या जागेत आहेत. घरमालकाशी वाद होतात, कोर्टात जातात, प्रसंगी जागा सोडावी लागते. परंतु जागा सोडताना आतला माल आपला असतो. टेम्पो लावायचा, पोती, पेट्या, वजनकाटा, गल्ला, वह्या भरायच्या आणि दुसऱ्या पेठेत जाऊन दुकान मांडायचे. भाडे थकले म्हणून घरमालक आपल्या वह्या जाळून टाकू शकत नाही. जागा त्याची आणि माल आपला, ही रेषा इतकी स्पष्ट आहे की तिचा विचारही आपण करीत नाही.

भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ही रेषा पुसट होते. कागदोपत्री माहिती आपलीच असते, बहुतेक करारांत तसे लिहिलेलेही असते. पण ती ठेवलेली असते त्यांच्या गोदामात, आणि दाराची किल्लीही त्यांच्याकडे. भाडे थांबले की दार बंद होते. काही कंपन्या थोडे दिवस आत जाऊन माल उचलू देतात. त्यानंतर गोदाम साफ केले जाते.

हे लहान पेढीपुरतेच घडते असे नाही. गुजरातमध्ये वाडीनार येथे नायरा एनर्जी या कंपनीचा वर्षाला दोन कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण प्रकल्प आहे. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्ट कंपनीचा मोठा हिस्सा असल्याने १८ जुलै २०२५ रोजी युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले. त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या ई-मेल आणि अन्य सेवा थांबवल्या. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. पूर्ण पैसे भरलेले परवाने हाती असतानाही आपल्याच माहितीपर्यंत आपल्याला पोहोचू दिले जात नाही, असे तिचे म्हणणे होते. जुलै संपण्यापूर्वी सेवा पूर्ववत झाली. एवढी मोठी कंपनी वकील उभे करू शकते आणि आठवड्याभरात दार उघडून घेऊ शकते. आपल्या पेठेतील दुकानदाराला ते शक्य आहे का?

दुसरा प्रसंग बँकांचा. जुलै २०२४ च्या अखेरीस बँकांना संगणकसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. पुढे नुकसान पसरू नये म्हणून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिला देयक व्यवस्थेपासून तात्पुरते तोडले. त्या एका कंपनीवर अवलंबून असलेल्या देशभरातील सुमारे तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार अडले. पुढे सेवा सुरळीत झाली. त्या बँकांनी स्वतः काही चूक केली नव्हती. पण अनेकांचा माल एकाच गोदामात असला की एका दाराला लागलेले कुलूप साऱ्यांनाच लागते.

शासनानेही हा धोका ओळखलेला आहे. कंपन्यांच्या हिशेबाविषयीच्या नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार हिशेब इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवणाऱ्या कंपनीने त्याची प्रत दररोज भारतातील सर्व्हरवर ठेवली पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेब-सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरबदलाची नोंद आपोआप राहिली पाहिजे, असाही दंडक आला. हे नियम कंपन्यांना आहेत. मालकी आणि भागीदारीच्या पेढ्यांना ते लागू नाहीत. पण त्यांतील शहाणपण सर्वांच्या उपयोगाचे आहे.

आणि मुदती लक्षात घ्या. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब आणि कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. कंपनी कायद्यात ही मुदत आठ वर्षांची आहे. प्रकरण अपिलात असेल तर त्याहूनही अधिक. सॉफ्टवेअरचे भाडे आपण वर्षाचे भरतो आणि हिशेब दाखवण्याची जबाबदारी सहा-आठ वर्षांची घेतो. या दोन मुदतींमधील अंतर भरून काढण्याची जबाबदारी कंपनीची नसते, ती आपली असते. शेठजींचे पाऊल तिथेच चुकले.

करावयाच्या गोष्टी

यावर उपाय अवघड नाहीत आणि त्यांना फारसा खर्चही नाही. माझ्या अनुभवातून पुढील गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट, घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. माझा सर्व हिशेब, म्हणजे रोजकीर्द, खतावणी, साठा आणि चढवलेली बिले, मला कोणत्या स्वरूपात बाहेर काढता येईल? वर्गणी थांबल्यावर किती दिवस तो पाहता येईल? आणि किती दिवसांनी नष्ट होईल? उत्तरे तोंडी घेऊ नका, ई-मेलवर लेखी मागा. जो विक्रेता या प्रश्नांना टाळाटाळ करील, त्याचे भाडे कितीही कमी असले तरी तिथून उठावे.

दुसरी गोष्ट, दर महिन्याच्या विवरणपत्राचे काम आटोपले की त्याच दिवशी हिशेबाची प्रत उतरवून घ्या. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, खरेदी-विक्रीची रजिस्टरे, साठा आणि येण्या-देण्याच्या याद्या यांची प्रत एक्सेलमध्ये काढता येईल तर उत्तम, कारण पीडीएफमध्ये नुसते वाचता येते, आकडेमोड करता येत नाही. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर दुकानात न ठेवता घरी ठेवावी, दुसरी करसल्लागारांकडे द्यावी. वर्षअखेरीची प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवण्यास हरकत नाही. आणि उतरवलेली प्रत उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेली रोकड.

तिसरी गोष्ट, खाते कोणाच्या नावावर आहे ते तपासा. अनेक पेढ्यांवर सॉफ्टवेअर सुरू करताना दिवाणजींचा मोबाइल किंवा बसवून देणाऱ्या मुलाचा ई-मेल दिलेला असतो. ओटीपी त्यांच्याकडे जातो. उद्या दिवाणजी नोकरी सोडून गेले किंवा मनात काही आले, तर मालकच आपल्या वहीबाहेर उभा राहतो. ई-मेल पेढीच्या नावाचा असावा, मोबाइल क्रमांक मालकाचा असावा आणि घरातील आणखी एका विश्वासू व्यक्तीला मालकाइतकेच अधिकार असावेत. नोकरांना त्यांच्या कामापुरतेच अधिकार द्यावेत, आणि नोकर गेला की त्याच दिवशी त्याचा प्रवेश बंद करावा.

चौथी गोष्ट वसुलीची. वर्गणी कार्डावरून आपोआप कापली जाण्याची सोय अनेक जण करतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशी रक्कम कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळाली पाहिजे. १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम पुन्हा ओटीपी न मागता वसूल होऊ शकते; त्याहून मोठ्या रकमेला दर वेळी मंजुरी द्यावी लागते. या सूचना जाहिरातींच्या गर्दीत हरवतात. नको असलेली वर्गणी वर्षभरासाठी कापली जाते, आणि हवी असलेली, कार्डाची मुदत संपल्याने, कापलीच जात नाही. दोन्हींत नुकसान आहे. सर्व वर्गण्यांच्या तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात. विम्याच्या हप्त्याची तारीख आपण लिहितो, तशीच ही लिहावी.

पाचवी गोष्ट, सॉफ्टवेअर बदलायचे असेल तर ते आर्थिक वर्षाच्या आरंभी बदलावे आणि एक-दोन महिने जुने-नवे दोन्ही सुरू ठेवावेत. जुने बंद करण्यापूर्वी सर्व वर्षांचा हिशेब बाहेर काढावा. नवी कंपनी फक्त आरंभीच्या शिलका घेते, मागचे व्यवहार घेत नाही, हे गृहीत धरावे.

शेवटची गोष्ट कागदाची. खरेदीची बिले स्कॅन केली म्हणून रद्दीत देऊ नयेत. कागदाला वाळवी लागते, पाणी लागते हे खरे. पण पडद्यावरची प्रत आणि कपाटातला कागद हे दोघे एकाच दिवशी एकाच कारणाने क्वचितच नाहीसे होतात. वर्षाच्या बिलांचे एक बांधील बाड, वर वर्षाचे नाव, आणि ते माळ्यावर कोरड्या जागी. सात-आठ वर्षे एवढी जागा द्यावी.

पुढे काय झाले

त्या दिवशी आम्ही तिघांनी बसून याद्या केल्या. जीएसटीच्या संकेतस्थळावरील जीएसटीआर-२ए मधून पुरवठादारांच्या नोंदी काढल्या. बँकेचे उतारे मागवले. चिरंजीव आठ दिवस पुणे, कोल्हापूर, इचलकरंजी असे फिरले आणि पुरवठादारांकडून बिलांच्या प्रमाणित प्रती घेऊन आले. पिढ्यांचे संबंध असल्याने बहुतेकांनी जुन्या फायली काढून दिल्या. एका पुरवठादाराने मात्र मधल्या काळात धंदा बंद केला होता. त्याची बिले मिळाली नाहीत. माल आला होता, पैसे दिले होते, तरी बिल हाती नसल्याने तेवढे क्रेडिट सोडावे लागले. पुढे शासनाने त्या वर्षांच्या मागण्यांवरील व्याज आणि दंड माफ करण्याची योजना आणली, त्यामुळे मूळ करावर निभावले.

रक्कम पेढी बुडावी इतकी नव्हती. पण प्रामाणिकपणे घेतलेले क्रेडिट सोडून देताना शेठजींना जे वाटले असेल, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिले. चिरंजीव मान खाली घालून बसले होते. मी त्यांना म्हणालो, ‘‘तुमची चूक वही दूर ठेवण्यात नव्हती. पुरानंतर तुम्ही केलेत ते शहाणपणाचेच होते. फक्त आधी सगळे दुकानात होते आणि नंतर सगळे तिकडे गेले. दोन्ही वेळा वही एकाच जागी राहिली.’’

आता त्यांचे सॉफ्टवेअर भाड्याचेच आहे. बदलले ते इतकेच की महिन्याच्या अखेरीस चिरंजीव हिशेब उतरवून घेतात आणि शेठजी स्वतः त्यातले कोणतेही एक खाते उघडायला लावतात. कधी एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाचे, कधी वाहतुकीच्या खर्चाचे. खाते उघडले, आकडे जुळले, की डिस्क घरच्या कपाटात जाते. गेल्या दिवाळीत वहीपूजनाच्या पाटावर लाल वहीशेजारी ती डिस्क ठेवलेली मी पाहिली.

वाचकहो, हा अंक हाती आल्यावर एक दिवस पेढीवर मुलांजवळ बसा आणि विचारा की आज संध्याकाळी ही कंपनी बंद पडली, तर उद्या सकाळी आपल्याला कोणाकडून किती येणे आहे ते आपण सांगू शकू का? उत्तर ‘हो’ असेल तर निश्चिंत राहा. उत्तरासाठी मुलगा मोबाइल हातात घेऊन घुटमळला, तर त्याच दिवशी पहिली प्रत उतरवून घ्या.